हार्टलपूलच्या धक्क्यावर मुंबईचं सागवान: एका गोदी-सुताराचा अभिप्राय

जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या माणसाचा पुतळा आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, बोचऱ्या वाऱ्यात, तो मिशीवाला माणूस पाण्याकडे बघत बसलाय. लेकीने विचारलं, "बाबा, हा कोण?" मी म्हटलं, "हा आपल्याकडचा. जहाजही आपल्याकडचंच."

जहाजाचं नाव एचएमएस ट्रिंकोमाली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत वाडियांच्या गोदीतून पाण्यात उतरलं. आज ते हार्टलपूल गावात, रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात उभं आहे. उभं म्हणजे कोरड्या गोदीत टेकू लावून नव्हे, पाण्यावर तरंगतंय. तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत याहून जुनी दुसरी नाही. नेल्सन या इंग्रज आरमार-सेनापतीचं व्हिक्टरी वयाने मोठं, पण ते कोरड्या गोदीत. सगळ्या जगाचा हिशोब केला तरी याच्याहून जुनी तरंगती युद्धनौका एकच सांगतात, अमेरिकेची कॉन्स्टिट्यूशन, बोस्टनला असते ती.

मी माझगावच्या गोदीत ३४ वर्षं सुतारकाम केलं. मूळचा वाघोटण खाडीकाठचा. आजोबा होड्या बांधायचे, वडील बांधायचे, मी पगारावर गेलो. म्हणून हा अभिप्राय पर्यटकाचा कमी आणि सुताराचा जास्त आहे. तिथे काय काय बघता येतं एवढं सांगून मला थांबायचं नाही. किनाऱ्याचा वारसा जपायचा म्हणून जागा उभारतात ती कशी असावी, कशी नसावी, हे मला तिथे लख्ख दिसलं. आपल्याकडे आता जिकडेतिकडे हेच विषय निघालेत, तेव्हा जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

न्यूकॅसलहून हार्टलपूलला आगगाडी किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. सुंदरलंड सोडलं की डाव्या हाताला समुद्र येतो, त्या बाजूची खिडकी धरा. स्टेशनात उतरून पंधरा मिनिटं चाललं की डोलकाठ्या दिसतातच, कुणाला विचारावं लागत नाही.

आधी जहाजाबद्दल, कारण मी तिथे चार तास होतो आणि त्यातले तीन जहाजावरच गेले.

त्या काळात इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई होती. नेपोलियनच्या लढायांनी जंगलं संपत आणली होती. म्हणून जहाजं मुंबईत बांधून घ्यायची ठरलं, मलबारच्या सागवानात. सागवानाला स्वतःचं तेल असतं. ओकातला आंबटपणा लोखंडी खिळा खातो, सागवान खिळ्याला सांभाळून घेतं. समुद्रातला किडाही त्याला सहसा हात लावत नाही. माझे आजोबा सांगायचे, साग कापला की करवतीला वास लागतो तो दोन दिवस जात नाही. खालच्या मजल्यावर एका जुन्या तुळईला नाक लावून पाहिलं. दोनशे वर्षांनी वास कुठला उरायला? डांबर, मेण आणि थंडी, एवढंच. पण बोट फिरवलं आणि कळलं. सागाच्या रेषा उंचसखल लागतात, नखाखाली बारीक खर येते. शेजारची फळी नवी, दुरुस्तीत घातलेली. तिला हाताला तशी पकड नव्हती. लेकीचा अंगठा धरून दोन्ही फळ्यांवरून फिरवला. "कळलं?" "कळलं." एवढ्यासाठी मी सात समुद्र ओलांडून आलो असेन तर तेही वसूल झालं.

जहाजाच्या मूळ लाकडातलं निम्म्याहून जास्त अजून जागेवर आहे. तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट, रुंदी ४० फुटांच्या आसपास. ज्याने वाकसाने फळी तासली आहे त्यालाच १५० फुटांची रांग सरळ ठेवणं म्हणजे काय ते कळेल. वाकस म्हणजे आपल्या सुतारांचं ते आडव्या पात्याचं हत्यार, पायांच्या मध्ये लाकूड धरून स्वतःकडे ओढत तासायचं. चुकलं की नडगी गेली. आजोबांच्या उजव्या नडगीवर तसा वण होता.

बांधणारे मिस्त्री जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यातले लवजी नुसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी बांधून झाली. जमशेटजींनीच १८१० मध्ये मिंडन आणि १८१३ मध्ये कॉर्नवॉलिस बांधलं. त्या कॉर्नवॉलिसवर १८४२ साली इंग्रज-चिनी तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. मुंबईच्या लाकडावर बसून जगाचे कागद झालेत. आमच्या पोरांना शाळेत हे कुणी सांगितलं नाही, मलाही नाही. मला ते गोदीतल्या एका म्हाताऱ्या पारशी फोरमनने सांगितलं.

ट्रिंकोमालीच्या बांधणीच्या नकाशांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. लंडनहून नकाशे निघाले ते जावा नावाच्या फ्रिगेटवरून, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिला अमेरिकेच्या जहाजाने गाठलं आणि नकाशे गेले. ते अमेरिकन जहाज कुठलं? कॉन्स्टिट्यूशन, वर सांगितलं तेच. मग दुसरी प्रत स्टर्लिंग कॅसल नावाच्या जहाजावरून मुंबईला आली. काम सुरू झालं १८१६ मध्ये. पारशी रिवाजाप्रमाणे पठाणात चांदीचा खिळा ठोकला. पठाण म्हणजे जहाजाचा तळाचा मुख्य कणा, ज्यावर सगळ्या बरगड्या उभ्या राहतात. आमच्या खाडीतही पठाण घातल्यावर नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं. कुणाचा चांदीचा खिळा, कुणाचा नारळ. लाकडापुढे हात जोडल्याशिवाय सुतार कामाला लागत नाही.

नंतर काय झालं ते थोडक्यात. १८१९ मध्ये जहाज पोर्ट्समथला पोचलं आणि लढाया संपल्या होत्या म्हणून पंचवीसेक वर्षं नुसतं बांधून ठेवलं. १८४७ नंतर दोन मोठ्या फेऱ्या झाल्या, एक अटलांटिकच्या पश्चिमेला, एक पॅसिफिकमध्ये. पुढे शिकाऊ खलाशांसाठी वापरलं. १८९७ मध्ये मोडीत विकलं गेलं. तिथेच संपायचं, पण जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने विकत घेऊन नाव बदलून फूद्रोयां ठेवलं आणि मुलांना समुद्राचं शिक्षण द्यायला वापरलं. ते शिक्षण १९८६ पर्यंत चाललं. म्हणजे हे जहाज लढून वाचलं नाही, ते शाळा झालं म्हणून वाचलं. १९८७ मध्ये बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर, चढवून ते हार्टलपूलला आणलं, १९९२ मध्ये मूळ नाव परत दिलं, आणि १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं दुरुस्ती चालली.

पण हार्टलपूललाच का आणलं? मुद्दा इथेच आहे.

हार्टलपूल हे जहाजबांधणीचं गाव. विल्यम ग्रे यांचा मोठा कारखाना इथे होता, तो १९६२ मध्ये बंद पडला. गाव बसलं. मग १९७९ मध्ये वॉरियर नावाची १८६० ची लोखंडी युद्धनौका इथे ओढून आणली. तिची अवस्था अशी की कित्येक वर्षं ती वेल्समध्ये तेल भरायचा तरंगता धक्का म्हणून वापरत होते. हार्टलपूलच्या लोकांनी आठ वर्षं खपून तिला उभी केली आणि १९८७ मध्ये ती पोर्ट्समथला गेली. ती गेली, पण तिच्यावर शिकलेले हात गावात राहिले. सुतार, दोरकाम करणारे, शिडं शिवणारे, लोहार. त्या हातांसाठी ट्रिंकोमाली आली.

क्रम बघा. आधी कारागीर, मग जहाज, मग धक्का, मग तिकीटखिडकी. आपल्याकडे चर्चा नेमकी तिकीटखिडकीपासून सुरू होते.

गेल्या वर्षी आमच्या खाडीकाठी एक सभा झाली. किनाऱ्यावर सांस्कृतिक केंद्र करायचं म्हणून एका सल्लागार कंपनीची मुलं मोठा पडदा घेऊन आली. चित्रं सुरेख होती. दिवे, फरशी, बाकडी, झाडं, गलबताच्या आकाराचं उपाहारगृह. माणसंही दाखवली होती, गोरी-गोमटी, हातात कॉफीचे पेले. मी नकाशाजवळ जाऊन बोट ठेवलं. ज्या उतारावर आम्ही पावसाळ्यात होड्या ओढतो आणि झापांनी शाकारून ठेवतो, नेमक्या त्या जागेवर "सेल्फी पॉइंट" लिहिलं होतं. विचारलं, "होड्या कुठे शाकारायच्या?" मुलगा चांगला होता, गोंधळला. म्हणाला, "काका, होड्या वर्षातून किती दिवस असतात इथे?" म्हटलं, "जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत. आणि त्या तीन महिन्यांतच त्यांची दुरुस्ती होते. ती बघायला मिळणं हाच तुमचा वारसा आहे ना?" त्याने वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचं काय झालं, माझ्यापर्यंत आलेलं नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला उन्हाळ्यात आणून रिकामा उतार दाखवला, त्याला तो रिकामाच वाटणार.

ही सभा डोक्यात घेऊनच मी हार्टलपूल बघितलं, त्यामुळे तिथला दुसरा भाग, म्हणजे जहाजाभोवतीचा तो जुना धक्का, मला तेवढा मनात उतरला नाही.

तिथे पाण्याच्या कडेने इ.स. १८०० च्या सुमाराचं बंदर उभारलंय. शिंप्याचं दुकान, तलवारीवाल्याचं, बंदुकीवाल्याचं, होकायंत्रं-दुर्बिणी विकणाऱ्याचं, छापखाना, कैदखाना. आत पुतळे, कपडे, सामान, आवाज. पोशाख घातलेली माणसं बंदुकीचा बार काढून दाखवतात. काम नेटकं आहे, दगड नीट बसवलाय, लाकडी खिडक्यांचे सांधे मी वाकून पाहिले, कुणीतरी मनापासून केलेत. मुलं तर वेडी होतात. एक सहा-सात वर्षांचा मुलगा बार ऐकून आईच्या कमरेला चिकटला आणि लगेच "परत, परत" म्हणायला लागला.

पण हे सगळं १९९० च्या दशकात बांधलेलं आहे. सरकारने नेमलेल्या विकास महामंडळाने पडीक गोद्यांचा कायापालट करताना ते उभं केलं. त्या जागी १८०० साली असं बंदर नव्हतंच. पश्चिम हार्टलपूलचं बंदर १८४७ मध्ये सुरू झालं. राल्फ वॉर्ड जॅक्सन या माणसाने रेल्वे, कोळसा आणि गोद्या यांच्या जोरावर ते गाव वसवलं. ट्रिंकोमाली ज्या पाण्यात उभी आहे त्या गोदीलाही त्याचंच नाव. म्हणजे गावाचा खरा वारसा कोळशाचा, वाफेचा, ग्रेंच्या पोलादी जहाजांचा. आणि धक्क्यावर दाखवलाय तो नेल्सनच्या काळातला देखावा. जहाजाला शोभेसा शेजार हवा म्हणून केलं असेल, समजतं. पण ज्यांचे बाप ग्रेंच्या कारखान्यात रिव्हेट ठोकत होते त्यांनी या दुकानांत आपल्या घरचं काय शोधायचं?

त्याचं उत्तर शेजारीच मिळतं, आणि ते लोक चुकवतात. तिथेच गावाचं वेगळं संग्रहालय आहे, आणि त्याच्याजवळ विंगफील्ड कासल नावाची वल्हेचाकांची आगबोट. ही १९३४ ची, याच गावात, ग्रेंच्याच कारखान्यात बांधलेली. हंबर नदीवर माणसं आणि गाड्या इकडून तिकडे न्यायची. दिसायला साधी. ट्रिंकोमालीपुढे कुणी तिचा फोटो काढत नाही. मी काढला. मला ती बघून भाऊच्या धक्क्यावरच्या लाँच आठवल्या, रेवसच्या, मोऱ्याच्या. आपल्याकडे अशी एखादी जुनी लाँच कुणी जपून ठेवायचा विचार तरी केलाय का? चाकरमान्यांची आख्खी पिढी गणपतीला बोटीने कोकणात जायची. मी स्वतः लहानपणी विजयदुर्गला बोटीतून पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरलोय, आईने मला अक्षरशः खलाशाच्या हातात फेकलं होतं. ती बोट, ते पडाव, त्या खलाशाचं ते दोन्ही हात वर करून उभं राहणं, यातलं आज कुठेही काही बघायला मिळत नाही.

आणि विक्रांत, आपली ती पहिली, जुनी विमानवाहू युद्धनौका. तिचं नाव न घेता मला पुढे जाता येत नाही. १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली होती. लेक शाळेत असताना तिला नेलं होतं. विमानं उतरायच्या डेकवर ती धावत सुटली होती आणि मी मागे. २०१२ मध्ये ते बंद झालं, २०१४ मध्ये लिलाव झाला आणि दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, ती तोडली. दारूखाना माझ्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर. मी बघायला गेलो नाही. मित्र जाऊन आले, म्हणाले नको जाऊस. ट्रिंकोमालीच्या डेकवर लेकीने स्वतःहून विषय काढला, "बाबा, विक्रांत पण अशी ठेवता आली असती ना?" मी म्हटलं, पोलादाला पाणी खातं, खर्च फार असतो, तो दरवर्षी असतो, एकदाचा नसतो. हे खरंही आहे. जहाज जपणं म्हणजे म्हातारं माणूस घरात असण्यासारखं. एक दिवस समारंभ करून भागत नाही, रोज औषध लागतं. म्हणूनच कुठलाही धक्का आखताना उद्घाटनाच्या खर्चाशेजारी पुढच्या वीस वर्षांच्या डागडुजीचा आकडा मांडलेला असला पाहिजे. नसेल तर ते कागद परत पाठवावेत.

हार्टलपूलने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट फोटोत येत नाही. पाणी. समुद्राच्या तोंडाशी दरवाजे बसवून आतलं पाणी धरून ठेवलंय, भरती-ओहोटीला आत खालीवर होत नाही. जहाज कायम तरंगतं, सगळ्या बाजूंनी सारखं पेललेलं राहतं. लाकडी जहाज कोरड्यावर ठेवलं की स्वतःच्या वजनाने पसरायला लागतं, फळ्या सुकतात, फटी उघडतात. आणि त्याच पाण्यात आज बाकीच्या बोटीही उभ्या असतात, लोक त्यांवर काम करतात, कुणी रंग काढतोय, कुणी दोर बदलतोय. पाण्याला रोजचं काम आहे. धक्का जिवंत वाटतो तो त्यामुळे, दुकानांतल्या पुतळ्यांमुळे नव्हे.

ससून डॉकबद्दल हेच म्हणेन. १८७५ ची गोदी, पहाटे तिथे जी झुंबड असते, टोपल्या, बर्फ, कोळणींची हाक, चिखल, वास, तो सगळा पसाराच जपायचा वारसा आहे. वास घालवून तिथे शोभेच्या कंदिलांची रांग लावली तर मागे काय उरेल? भिंती राहतील. वाडियांची जुनी गोदी नौदलाच्या हद्दीत आहे, तिथे तुम्हा-आम्हाला सहज जाता येत नाही, त्यामागची कारणंही योग्य आहेत. पण वाघोटण खाडीत, विजयदुर्ग किल्ल्यापासून थोडं आत, मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून आहे. लहानपणी आम्ही तिच्या काठावर गुरं चारलीत. २०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आनंद झाला, पेढे वाटले. आता त्या किल्ल्यांभोवती आराखडे होतील. माझं एकच मागणं आहे: त्या गोदीशेजारी एक मांडव घाला आणि त्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीला पगारावर बसवा. त्याने वर्षभर एक होडी बांधावी, चार पोरं हाताखाली घ्यावीत. लोक बघायला येतील. नाही आले तरी चार पोरं शिकतील. फायबरच्या होड्या आल्यापासून आमच्या खाडीत लाकडी होडी बांधू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी सत्तरी ओलांडलीये. इमारत दहा वर्षं थांबेल. ती माणसं थांबणार नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. शिड्या उभ्या आहेत, उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, साडी किंवा लांब कोट असेल तर सांभाळा. खालच्या मजल्यावर छत बुटकं आहे. मी पाच फूट पाच इंच, तरी दोनदा तुळईला डोकं आपटलं. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक आणि धक्का एवढंच करा, वाईट वाटून घेऊ नका, वरूनही पुष्कळ कळतं. वारा जबरदस्त असतो, कान झाका. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा आणि आधी जहाज बघा, दुकानं नंतर. मुलं बरोबर असतील तर उलट करा.

तारेच द्यायचे तर जहाजाला पाचपैकी पाच. धक्क्यावरच्या दुकानांना तीन, तेही कारागिरीसाठी. विंगफील्ड कासलला मी माझ्या मनाने पाच दिले.

निघताना एक गोष्ट घडली. जहाजावर एक स्वयंसेवक होते, माझ्याच वयाचे, हातांवरून कळलं की आयुष्यभर हत्यार धरलंय. लेकीने त्यांना सांगितलं, माझे वडील मुंबईच्या गोदीत सुतार होते. त्या गृहस्थांनी टोपी काढली. मग आम्हा दोघांना भाषा लागलीच नाही. ते तुळईवर बोट ठेवायचे, मी मान हलवायचो. मी फळीच्या सांध्याकडे बोट करायचो, ते हातानेच ठोकून दाखवायचे, असं, असं. तळाकडे हात करून त्यांनी लेकीला विचारलं, "याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी सांगितलं, "पठाण." त्यांनी खिशातली वही काढून माझ्यापुढे धरली. मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, पठाण, नाळ, डोलकाठी, सुकाणू, वाकस. लेकीने समोर त्यांच्या लिपीत उच्चार लिहिले. वाकस त्यांना कळेना, म्हणून मी दोन पायांत हवेतलं लाकूड धरून तासून दाखवलं. ते लगेच हसले, आपली विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि उजव्या नडगीवरचा वण दाखवला.